चारशेवर राहिलेली चकती

मित्रांनो, मी एक जुना फिल्मचा कॅमेरा आहे आणि माझ्यावर खोटा आळ आहे.

माझ्या डोक्यावर आकड्यांची एक चकती आहे. पोटात घातलेली फिल्म मला दिसत नाही. ती शंभरची आहे, म्हणजे भरपूर उजेड मागणारी, की चारशेची, म्हणजे थोडक्यात भागवणारी, हे माणसाने चकती फिरवून मला सांगायचं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून मी उजेड मोजून आत घेतो.

माझे मालक कारखान्यात लेथ मशीनवर काम करायचे. फिल्म भरली की चकती फिरवल्याशिवाय ते मला हातातून खाली ठेवत नसत. त्यांची बायको मात्र मी दिसलो की तोंडावर हात धरायची. "माझं थोबाड कशाला? त्यापेक्षा भिंतीचा फोटो काढा!"

मग तिचं ऑपरेशन ठरलं. आदल्या सकाळी ती आपणहून खिडकीपाशी बसली. "अहो, काढा एकदाचा. आणि तुम्हीही या शेजारी."

म्हणून मी मालकांच्या धाकट्या भावाच्या हाती गेलो. त्याने नवी, शंभरची फिल्म भरली. चकती आधीच्या फिल्मच्या चारशेवरच राहिली.

"आकडा बघितलास का रे?" मालकांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"दादा, मला नको शिकवूस! वहिनी, इकडे बघा."

एकच फोटो निघाला. "बास झालं," म्हणत ती उठली.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनच्या टेबलावरच ती गेली.

फोटो आला तो काळाकुट्ट. चेहऱ्यांच्या जागी नुसते डाग. "तुझा कॅमेराच भंगार आहे," धाकटा म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! आणि मालकांनी ते खरं मानलं. भाऊ तो भाऊ, मी पडलो वस्तू. तेव्हापासून मी कपाटात आहे. काचेला बुरशी चढली आहे आणि जिवाचा नुसता संताप होतो.

मित्रांनो, फिल्म बदललीत की चकती फिरवा. विसरलात तर सरळ विसरलो म्हणा, मुक्या वस्तूच्या माथी मारू नका.

मालक अजून तो काळा फोटो उजेडात नेतात आणि भावाला विचारतात, "हसली होती का रे ती?"

"काय माहीत, दादा."

त्याला खरंच माहीत नाही. बटण दाबलं की माझ्या आतला आरसा वर उडतो आणि बघणाऱ्यासमोर क्षणभर अंधार होतो. मालक तिच्या शेजारी बसून समोर बघत होते. ती त्याच क्षणी हसली.

चांगली दात दाखवून हसली हो, मालक. मी पाहिलंय.