वाकड्या तोंडाचा देवमासा

हाडाचा शेवटचा तुकडा खाचेत पुन्हा एकदा बसला नाही, तेव्हा सासऱ्यांनी हातातला ब्रश सुनेपुढे ठेवला.

"घे. उद्यापासून तूच बघ. माझी नजर गेली."

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत त्यांनी आयुष्यभर जीवाश्म जोडले होते. सून तिथेच देवमाशांवर संशोधन करायची. हाडांवरून दोघांची घरी ताटावरसुद्धा जुंपायची आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या. आता समोर झेनोरोफसची कवटी होती, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या दातवाल्या देवमाशाची. बाकी सगळं जुळलं होतं. आणि एवढ्याशा आडमुठ्या तुकड्यापायी म्हातारा काम सोडायला निघाला होता.

"काहीतरीच काय, बाबा! बघू तरी."

ती स्टुलावर चढली, वरून पाहिलं आणि चमकली. देवमाशाचं लांबलचक तोंड अगदी नाकासमोर सरळ होतं.

"हे असंच सापडलं होतं?"

"छे! डावीकडे वाकलेलं. दगडाखाली चेपलं असणार बिचारं. मी सरळ करून दिलं."

आधीच खचलेल्या माणसाला आता चूक कुठल्या तोंडाने दाखवायची? ती सावकाश खाली उतरली.

"बाबा, ते चेपलेलं नव्हतं. याचं तोंड मुळातच वाकडं. पाण्यात आवाज कुठून येतो ते कळायला उपयोग होत असावा. तुम्ही सरळ केलंत, म्हणून तुकड्याची जागा आवळली."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे चूक झाली माझी?"

"हो."

"नजर नाही गेली?"

"कुठली जाते! दुसऱ्या कुणी घासून बसवला असता तो तुकडा."

स्वतःची चूक कळून एवढा खूष झालेला माणूस तिने आजवर पाहिला नव्हता. त्यांनी ब्रश जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि गोंद सैल करायची बाटली उघडली.

"तुझ्या सासूला फोन कर. म्हणावं, जेवून घ्या, उशीर होईल."

"कारण काय सांगू?"

"सांग, तोंड वाकडं करत बसलोय."

तिने तसंच सांगितलं.

"त्यात नवीन काय?" सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनी हळूच विचारलं,

"सकाळी तर काम सोडतो म्हणत होते. म्हणजे उद्या त्यांचा डबा करायचा ना गं?"

"करायचा, आई."