चालत्या गाडीत कचरा नसतो

दुपारी अडीच वाजता झिरो मॅडमना तीच गाडी तिसऱ्यांदा दिसली.

झिरो मॅडम हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हतं. फ्रिज बनवणाऱ्या त्या अवाढव्य कारखान्यात त्या शाश्वत विकास विभागाच्या प्रमुख होत्या. विभागात त्यांना धरून अडीच माणसं. अर्धं माणूस म्हणजे दुसऱ्या खात्याकडून सोमवार ते बुधवार उसना मिळणारा कारकून. 'शाश्वत' हा शब्द कामगारांच्या जिभेवर काही केल्या बसेना, तेव्हा मॅडमनी गेटच्या आत विजेची एक भलीमोठी पाटी लावून घेतली: 'कारखान्यातून कचरा बाहेर न गेल्याचे दिवस'. खाली लाल आकडा. पाटीची तार थेट गेटवरच्या वजनकाट्याला जोडलेली. पासवर 'कचरा' लिहिलेली गाडी काट्यावरून बाहेर पडली की आकडा शून्य. तेव्हापासून त्या झिरो मॅडम.

आज आकडा तीनशे चौसष्ट होता. बरोब्बर चार वाजता तो तीनशे पासष्ट होणार, बाहेरून आलेल्या तपासनीस बाई प्रमाणपत्रावर सही करणार आणि मोठे साहेब मांडवात भाषण करणार. भाषण मॅडमनीच लिहिलं होतं. त्यात 'मी' हा शब्द एकोणीस वेळा होता आणि तो मॅडमसाठी नव्हता.

आकडा फुकटचा नव्हता. पत्र्याचे तुकडे भट्टीला परत जात होते, पुठ्ठ्याचे पुन्हा खोके होत होते, कॅन्टीनच्या उष्ट्याचा गॅस होत होता आणि त्याच गॅसवर चहा उकळत होता. चहा पूर्वीइतकाच वाईट लागायचा, त्याअर्थी सगळं सुरळीत चाललं होतं.

पाहुण्यांना कुठून कुठून फिरवायचं ते मॅडम पायी तपासत होत्या. सव्वा वाजता निळ्या ताडपत्रीची एक गाडी रंगखात्याकडे गेली. दोनला तीच गाडी फोमखात्याकडे गेली. अडीचला ती पुन्हा रंगखात्याकडे निघाली होती आणि चालवणारा माणूस मॅडमना पाहून चक्क आरशात भांग पाडू लागला.

तो त्यांचा धाकटा दीर होता. त्याला इथे मॅडमनीच चिकटवला होता.

मॅडमनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात आडवा केला. "भाऊजी, काय भरलंय?"

"माल."

"कुठे चाललाय?"

"रंगखात्यात."

"आणि तिथून?"

"फोमखात्यात. वहिनी, विचारायचं ते वर बसून विचारा. गाडी उभी करायची नसते. तुमचाच नियम आहे."

मॅडम वर चढल्या. गाडी ताशी दहाच्या वेगाने सुटली, म्हणजे सुटली असं म्हणायचं.

नियम त्यांचाच होता, हे खरं. खातेप्रमुख भंगार कोपऱ्यात ढिगाने लपवून ठेवत. त्यावर मॅडमनी परिपत्रक काढलं होतं: 'एका पाळीपेक्षा जास्त वेळ एकाच जागी पडून राहिलेला माल कचरा धरला जाईल.' परिपत्रकावर सगळ्यांनी निमूट सह्या केल्या होत्या. तेव्हाच मॅडमना संशय यायला हवा होता.

"फोमखात्याचा पाइप बदलला ना, तेव्हा बावीस ड्रम केमिकल निघालं," भाऊजी म्हणाला. "वापरता येत नाही, विकता येत नाही. बाहेर काढावं तर तुमची पाटी शून्यावर येते. आत ठेवावं तर एका पाळीत त्याचा कचरा होतो. मग ठरलं, ठेवायचंच नाही. चालत्या गाडीत कचरा नसतो, वाटेवरचा माल असतो. फोमवाले रंगवाल्यांच्या नावाने चिठ्ठी फाडतात, रंगवाले फोमवाल्यांच्या."

"पाइप बदलून आठ महिने झाले."

"आठच. पावणेपाच हजार किलोमीटर झाले आतल्या आत. सरळ गेलो असतो तर समुद्र लागला असता."

"आणि घरी मला एक शब्द नाही?"

भाऊजीने भांग पुन्हा एकदा तपासला. "रोज रात्री जेवताना तुम्ही दादाला आकडा सांगायचात. आज एकशे वीस, आज दोनशे. कसला चेहरा फुलायचा तुमचा. तिथे मी काय बोलणार, आमटी वाढा म्हणालो."

मॅडमना रडावं की त्याला गाडीतून ढकलावं ते कळेना. तेवढ्यात मागून आवाज आला. टण्ण. पत्र्याच्या डब्यावर कुणी आतून टिचकी मारावी तसा.

"हे काय?"

"सतरा नंबर. सकाळपासून बोलतोय."

मॅडमनी मागची खिडकी सरकवली आणि ताडपत्रीची कड उचलली. एकवीस ड्रम शहाण्यासारखे उभे होते. सतराव्याचं झाकण मात्र जेवून तट्ट झालेल्या माणसाच्या पोटासारखं वर आलं होतं.

"परवा त्याचं झाकण गळत होतं," भाऊजी म्हणाला. "फोमवाल्यांनी बदललं. बदलताना शेजारच्या नळाचं पाणी आत गेलं थोडं. मग त्यांनी पट्टा चांगला कसून आवळला."

हे केमिकल म्हणजे फ्रिजच्या भिंतीत फुगणारा फोम बनवण्याचं. पाणी लागलं की त्यातून गॅस सुटतो. फ्रिजच्या भिंतीत फुगला तर त्याचं कौतुक होतं. कसून आवळलेल्या ड्रममध्ये फुगला तर ते झाकण कुणाच्या डोक्यात जाईल याचा नेम नाही.

"आणि तुम्ही हे पाठीशी घेऊन फिरताय?"

"पाचला गाडी गुपचूप बाहेर न्यायचीच आहे. म्हटलं चारपर्यंत ढकलू."

टण्ण.

मॅडमनी अग्निशमन विभागाला फोन लावला. तिथला प्रमुख जांभई देत बोलायला लागला आणि दुसऱ्या वाक्यात पुरता जागा झाला. "झाकणाला हात लावू नका. शंभर पावलांत माणूस नको. गाडी चालतीये तर मोकळ्यावर न्या आणि सोडून लांब पळा. कुठे आहात?"

मॅडमनी समोर पाहिलं. डावीकडे कॅन्टीन होतं, उजवीकडे मांडव. मांडवात चारशे खुर्च्या होत्या आणि त्यांवर माणसं यायला लागली होती, कारण सरबत मिळणार अशी बातमी फुटली होती. कारखान्यात मोकळी अशी तेवढीच एक जागा होती आणि तिथेच मांडव घातला होता. दुसरी मोकळी जागा म्हणजे गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, कंपनीचंच कुंपण घातलेलं मैदान. तिथे फक्त गवत होतं.

त्यांनी मोठ्या साहेबांना फोन लावला. "साहेब, मांडव रिकामा करायला हवा. फोमचा ड्रम फुगलाय."

"कुठला ड्रम?"

"बावीसातला."

"आठ महिने थांबला ना तो?" साहेब शांतपणे म्हणाले. "मग अजून एक तास थांबेल."

बावीस म्हणजे कशातले बावीस, हे साहेबांनी विचारलं नाही. मॅडमनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिलं, जणू चूक त्या फोनची होती. मग तो पर्समध्ये टाकला.

"भाऊजी, उतरा. मी नेते."

"तुम्हाला घरची स्कूटर फाटकातून काढता येत नाही, वहिनी."

"मग दोघं उतरू."

"आणि हिला इथे सरबताला ठेवू?" भाऊजीने मान हलवली. "गेट दोन मिनिटांवर आहे. तुम्ही पासचं बघा."

गेटवर नियमकाका होते. नाव अर्थातच वेगळं होतं, पण ते आता फक्त त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. त्यांच्या शेजारी तपासनीस बाई उभ्या होत्या, वजनकाट्याच्या दाखल्यावरची तारीख चष्म्याच्या आतून वाचत. वाचताना त्यांचा चेहरा बंद दुकानासारखा दिसत होता.

मॅडमनी खिडकीतून मान काढली. "काका, गेट उघडा. मैदानात जायचंय."

"पास?"

"धोका आहे हो काका."

"धोक्याचा पास वेगळा नसतो, मॅडम. दोनच प्रकार. माल किंवा कचरा." त्यांनी पासचं पुस्तक वर दिलं. "आणि जबाबदार अधिकारी गाडीत हवा. तो आहे म्हणा."

मॅडमनी पेन उघडलं. काकांनी बाईंकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "माल लिहा. आकडा हलायचा नाही. कोण बघतंय."

"लिहा ना, वहिनी," भाऊजी म्हणाला. "बाहेर जाण्याशी मतलब."

पेन 'मा'च्या उंचीवर येऊन थांबलं.

खरं तर काय बिघडत होतं? गाडी मैदानात जाणार, माणसं वाचणार, पाटी शाबूत राहणार. मॅडमनी गेटच्या जाळीतून बाहेर पाहिलं. तीनची पाळी बदलत होती. रस्ता सायकलींनी आणि डबे हलवत चालणाऱ्या बायकांनी गच्च भरला होता. पासवर 'कचरा' असला की भोंगा वाजायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे दांडे खाली पडायचे आणि रहदारी थांबायची. तो नियमही मॅडमचाच, आणि वर्षभरात तो एकदाही वापरावा लागला नव्हता याचा त्यांना अभिमान होता. 'माल' लिहिलं तर ना भोंगा, ना दांडा. गाडीने सायकलींच्या गर्दीत नाक घालून वाट मिळेपर्यंत उभं राहायचं. सतरा नंबरला घेऊन.

टण्ण. लगेच पुन्हा, टण्ण.

मॅडमनी लिहिलं: 'कचरा. धोकादायक. बावीस ड्रम.' आणि सही केली.

काकांनी ते दोनदा वाचलं. मग मुकाट्याने बटण दाबलं.

भोंगा वाजला. दांडे पडले. सायकली जागच्या जागी थांबल्या. गाडी काट्यावर चढली आणि थांबली, कारण वजन स्थिर व्हायला काट्याला पंधरा सेकंद लागत.

"चला ना," मॅडम म्हणाल्या.

"काट्यापुढचा दांडा वजन झाल्यावरच वर जातो," भाऊजी म्हणाला. घामाचा थेंब भांगाच्या वाटेने त्याच्या कपाळावर उतरला.

मॅडम आकडे मोजत राहिल्या. सातला ड्रम वाजला. नऊला वाजला. अकराला वाजला नाही, आणि ते जास्त वाईट वाटलं. मांडवातली माणसं भोंग्याने उठून गेटकडे बघत होती. मोठे साहेब हातात भाषण घेऊन पायऱ्या उतरत होते. पंधरा झाले. पाटीवरचा तीनशे चौसष्ट एकदा लुकलुकला आणि त्या जागी लाल शून्य आलं. दांडा वर गेला.

"डावीकडे वळू नका," मॅडम ओरडल्या, कारण भाऊजीचे हात आपोआप डावीकडे फिरत होते. आठ महिने गाडी फक्त डावीकडेच वळली होती. चाकं अर्ध्या रस्त्यात अडखळली. भाऊजीने तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली, वहिनीसमोर आयुष्यात पहिल्यांदाच, आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढलं.

मैदानाच्या मध्यावर गाडी थांबवून दोघं दोन्ही बाजूंनी उतरले आणि पळाले. मॅडमची चप्पल गवतात राहिली. कुंपणाशी पोचून भाऊजी मागे वळला. "किल्ली गाडीतच राहिली. आणतो."

"भाऊजी, एक पाऊल टाकलंत तर तंगडं मोडीन."

तो थांबला. एवढ्या स्पष्ट भाषेत त्या घरी कधी बोलत नसत.

आवाज फार मोठा झाला नाही. झाकण ताडपत्री फाडून आकाशात गेलं, बराच वेळ तिकडे रमलं आणि येऊन ड्रायव्हरच्या टपावर आपटलं. टप सीटपर्यंत खाली बसला. मग फाटक्या ताडपत्रीतून पिवळट फोम वर येऊ लागला. कुठलीही घाई न करता तो वाढत वाढत टपावर चढला, बाजूने उतरला, गाडीवर काढलेला कंपनीचा हसरा फ्रिज त्याने गिळला आणि तो थांबला. इतका छान, एकसारखा फोम खात्यात कधी जमला नव्हता.

भाऊजी बसलेल्या टपाकडे बघत राहिला. त्याने हात डोक्याकडे नेला, आणि भांग न पाडताच खाली घेतला.

अग्निशमनची गाडी आली. तिच्यामागून रस्ता ओलांडून मोठे साहेब आले आणि त्यांच्यामागे तपासनीस बाई. साहेबांना धाप लागली होती, तरी बोलायला तेच पहिले. "बाई, हा एक बाहेरचा ठेकेदार आहे. त्याची गाडी. आमचा काही संबंध नाही."

"गाडीवर तुमचा फ्रिज होता," बाई म्हणाल्या.

"ती जाहिरात."

बाईंनी वही उघडली आणि साहेबांना वळसा घालून मॅडमकडे आल्या. मॅडम एका पायात चप्पल घालून उभ्या होत्या.

"गाडी कुणाची?"

"आमची. कचराही आमचाच. आठ महिने आत फिरवला." मॅडमनी श्वास घेतला. "तो का फिरवावा लागला त्याचा नियम मी केलाय. त्याची प्रत देते."

"आणि चालवत कोण होतं?"

"मी," भाऊजी पुढे होत म्हणाला. "यांना आजच कळलं. अर्ध्या तासापूर्वी. वाटलं तर गेटवर विचारा."

"तुम्ही यांचे कोण?"

"दीर."

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. साहेब मॅडमच्या कानाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून यायची गरज नाही."

"उद्या यावंच लागेल, साहेब," मॅडम नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, म्हणजे बाईंना ऐकू जाईल अशा. "एकवीस ड्रम अजून भरलेलेच आहेत. ते कुठे आणि कसे न्यायचे हे मला सोडून इथे कुणाला माहीत आहे?"

साहेबांनी भाषणाच्या कागदांची सुरळी केली. ती कुठे टाकावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी खिशात घातली.

बाई लिहीत होत्या. "म्हणजे ड्रम एकवीस लिहू?"

"बावीस," झिरो मॅडम म्हणाल्या. "फुटलेला धरून."