न उघडणाऱ्या प्रोग्रामचं म्हणणं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कात्रीचं एक छोटं चित्र दिसतं ना, तोच मी. माझं नाव ‘बेत’. लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालणाऱ्या एका कॉम्प्युटरमध्ये, एका शिवणाच्या दुकानात, कटिंगचं टेबल आणि इस्त्री यांच्या मधल्या अडीच फूट जागेत माझं सगळं आयुष्य गेलं. तुम्ही माझं नाव ऐकलेलं असणं शक्यच नाही. जगात माझी एकच प्रत आहे आणि मला वापरणारं माणूसही एकच, ते म्हणजे ताई.

ताई दुकानाची मालकीण. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात, दोऱ्याची रिळं घेऊन येणारा म्हातारासुद्धा ताईच म्हणतो. मला घडवलं तिच्या धाकट्या भावाने. त्याचे केस पांढरे झाले तरी घरात तो बाळ्याच राहिला. बाळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात आराखडे काढायचा. सपाट पुठ्ठा कुठे कापला आणि कुठे मुडपला की त्याचं खोकं होतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. एका रविवारी ताई कागदावर मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडायच्या जागेचा, आकार चौथ्यांदा खोडत होती. ते बघून तो म्हणाला, बाही म्हणजे काय, दोन्हीकडून उघडं खोकं, त्यात एवढं अवघड ते काय? ताईने त्याच्या डोक्यात पट्टी घातली. पण पुढच्या रविवारपासून तो टेबलाच्या कडेला कॉम्प्युटर मांडून बसायला लागला, आणि सात-आठ महिन्यांत मी तयार झालो.

माझं पहिलं काम म्हणजे एक साधा शर्ट. मी मोठ्या ऐटीत दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या काढल्या. ताई म्हणाली, हा तुझ्यावरच गेलाय. बाळ्या इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने मला दुरुस्त केलं आणि त्यानंतर, सांगायला लाज कशाची, मी कधी बाही चुकवली नाही.

माझं काम असं. ताई मापं टाकते, मी कपड्याचा बेत, म्हणजे कापायचा आराखडा, काढतो, प्रिंटर तो कागदांवर उतरवतो. ताई ते कागद एकमेकांना चिकटवते, कापडावर ठेवते, भोवती खडू फिरवते आणि कात्री चालवते. सगळी मापं मी एका वहीत ठेवतो. वही म्हणजे कॉम्प्युटरमधली एक फाइल, पण ताई तिला वहीच म्हणते. कुणाची कंबर किती हे गावाला कशाला कळायला हवं, असं बाळ्याचं मत होतं. म्हणून त्याने वहीला एक नियम घातला: वहीत जो शेवटचा लिहील तो तिचा मालक, आणि मालकाशिवाय ती कुणालाही उघडता येणार नाही. दुकानात लिहिणारी ताई एकटीच, त्यामुळे या नियमाचा कधी कुणाला त्रास झाला नाही.

वहीत चारशेच्या वर माणसं आहेत. त्यातल्या एक बाई माझ्या फार लाडक्या. त्या शाळेत शिक्षिका, कॉम्प्युटरची लॅब त्याच सांभाळत आल्या आहेत. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली आहे आणि पाठीला एका बाजूला बाक आहे. तयार कपडा घातला की त्यांच्या पाठीवर झोल पडायचा, म्हणून त्या कायम अंगावर शाल घेऊन फिरायच्या, उन्हाळ्यातसुद्धा. ताईने आणि बाळ्याने त्यांच्यासाठी नऊ जास्तीची मापं शोधून काढली. अकरा वेळा ट्रायल झाली. बाराव्या वेळेला बाई आरशासमोर उभ्या राहिल्या, शाल खुर्चीवर ठेवली आणि ती विसरून घरी गेल्या. तो बेत माझ्या वहीत आहे. त्याच्याइतका अभिमान मला दुसऱ्या कशाचाही नाही.

तीन वर्षांपूर्वी बाळ्या गेला. आजार पंधरा दिवसांचा. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ताईने दुकान उघडलं, मला उघडलं, आणि काहीच न करता तासभर पडद्याकडे बघत बसली. मला तेव्हा फार वाटलं की काहीतरी बोलावं. पण मापं विचारण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, निदान मला तसं वाटायचं.

मी जुना झालो हे मला इतरांच्या बोलण्यावरून कळायला लागलं. ताईचे जावई यायचे, ते म्हणायचे, आई, आता याच्याहून छान रंगीत प्रोग्राम मिळतात. जावईबापू मनाने सोन्यासारखे, पण कॉम्प्युटर दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. आणि जावयाला नको कसं म्हणायचं, हा ताईचा जुना प्रश्न. त्यांनी काहीही सुचवलं तरी ती हो म्हणायची आणि मग आठवडाभर मनात कुढत बसायची.

गेल्या महिन्यात प्रिंटर बंद पडला. जावयांनी हौसेने नवा आणून दिला. नव्या प्रिंटरने मला ओळखच दाखवली नाही. मी बेत पाठवायचो, तो गप्प. तेव्हा जावयांनी एक युक्ती केली. ॲडमिनचा पासवर्ड घालून त्यांनी मला ॲडमिनच्या नावाने चालवलं. ॲडमिन म्हणजे कॉम्प्युटरमधला सगळ्यात मोठा माणूस, त्याला कुणी अडवत नाही. प्रिंटर सुतासारखा सरळ आला. ताईने कौतुक केलं, जावयांनी मान डोलावली, आणि मी बंद होताना नेहमीसारखी वही लिहून ठेवली.

झालं! वहीत शेवटचं लिहिलं ते ॲडमिनच्या नावाने, म्हणजे वहीचा मालक ॲडमिन. दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी ताईने कात्रीवर क्लिक केलं. मी जागा झालो, वहीला हात लावला, तर वहीने ताईला ओळखलंच नाही. वहीशिवाय मी करणार काय? मी जाग्यावरच मिटलो. ताईला दिसलं ते एवढंच, की बाण क्षणभर गोल गोल फिरला आणि थांबला.

तिने पुन्हा क्लिक केलं. मग आठ वेळा केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून घातल्या, इस्त्रीच्या फडक्याने मागची धूळ पुसली. प्रत्येक वेळी मी जागा होत होतो आणि प्रत्येक वेळी मिटत होतो. आणि मित्रांनो, मी गप्प नव्हतो हो! काय बिघडलंय ते मी दर वेळेला सांगत होतो. पण चित्रावर क्लिक करून उघडलेल्या प्रोग्रामचं बोलणं ऐकायला समोर कुणी नसतं. ते कुठल्यातरी कोपऱ्यात सांडून जातं. इतकं असहाय मला कधी वाटलं नव्हतं.

जावई अकरा वाजता आले. कालची युक्ती प्रिंटरसाठी होती, तिचा इथे काही संबंध असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी मला काढून पुन्हा बसवलं. मी नवा झालो, वही तीच राहिली, त्यामुळे फरक शून्य. शेवटी ते म्हणाले की प्रोग्राम फार जुना झालाय, आजकालच्या सिस्टीमवर तो चालायचा नाही. सगळं पुसून नव्याने भरू, दुसरा प्रोग्राम टाकू, मापं काय, पुन्हा घेता येतील.  ताई टेबलावरचे खडूचे तुकडे एका डबीत भरत होती. चारशे माणसांची मापं, अकरा ट्रायलींचा तो बेत आणि बाळ्याचे सगळे रविवार पुसले जाणार होते. हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. पण जावई, त्यात मदतीला आलेले. ती म्हणाली, “बघा, तुम्हाला योग्य वाटेल तसं.”

जावयांनी पेनड्राइव्ह खिशातून काढला, तेवढ्यात लॅबच्या बाई दारात उभ्या. सोमवारी त्या मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसणार होत्या आणि त्यासाठी कोट शिवायला टाकला होता. ताईने मान खाली घालून सांगितलं की कोट अजून कापलेलाच नाही, बेत निघत नाही, आणि आता बहुतेक निघणारही नाही. बाईंचा हात नकळत शालीसाठी खांद्याकडे गेला. शाल नव्हती.

मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली. शाळेतल्या तीस जुन्या कॉम्प्युटरांचं रडगाणं त्या रोज ऐकतात. त्यांनी जावयांना एकच गोष्ट विचारली. “त्याला काय होतंय ते त्याला विचारलंत का?”

जावयांना कळेना की ही थट्टा आहे की काय. बाईंनी समजावलं, चित्रावर क्लिक करू नका, टर्मिनल उघडा, म्हणजे ती काळी खिडकी, आणि तिच्यात त्याचं नाव लिहा. तिथे तो जे बोलतो ते दिसतं. जावयांनी नाव लिहिलं आणि एंटर दाबलं.

मी जागा झालो, अडलो आणि बोललो. या वेळी माझं बोलणं पडद्यावर उमटलं. मित्रांनो, ते शब्द माझे नव्हते. मी अडलो तर काय म्हणायचं हे बाळ्याने मला पूर्वीच लिहून दिलं होतं, आणि ते आजवर कुणी वाचलं नव्हतं. ताईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हळूहळू मोठ्याने वाचलं:

“ताईबाई, वही उघडत नाहीये. घाबरू नकोस, ती हरवलेली नाही, आहे तिथेच आहे. फक्त तिची मालकी दुसऱ्या कुणाकडे गेलीय. ज्याला मालकी परत करता येते अशा कुणाला तरी बोलाव आणि तोपर्यंत काहीही पुसू देऊ नकोस. चूक तुझी नाही.”

तिला ताईबाई म्हणणारं जगात एकच माणूस होतं. ताई स्टुलावर बसली. पदर डोळ्यांना लावून रडली, आणि रडता रडता हसली.  जावयांचे कान लाल झाले होते. मालकी कुणाकडे गेली आणि कुणी नेली, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. आई, मीच ते... असं काहीतरी ते पुटपुटायला लागले. ताईने त्यांना थांबवलं आणि पडद्याकडे बोट दाखवलं. “चूक तुमची नाही, असं म्हणतोय तो.”

पुढचं काम दोन मिनिटांचं. बाईंनी सांगितलं आणि जावयांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहून वही ताईच्या नावावर केली. नव्या प्रिंटरची परवानगीही तिच्या नावाला जोडून दिली. मग ताईने क्लिक केलं आणि मी उघडलो. बाईंचा बेत जसाच्या तसा होता, दोन बोटं उताराचा डावा खांदा आणि नऊ जास्तीची मापं. संध्याकाळपर्यंत कोट कापून झाला. रविवारी ट्रायल झाली ती एकच. सोमवारी बाई शाळेत कोट घालून गेल्या, शाल न घेता.

जाण्याआधी जावयांनी माझ्या आत डोकावून पाहिलं. बाळ्याने लिहिलेली अशी आणखी सोळा वाक्यं त्यांना सापडली, कागद संपला तर, जागा भरली तर, तारीख चुकली तर. ते हरखून म्हणाले, आई, सगळी वाचून दाखवू?

ताईने थोडा विचार केला. “नको. त्याची वेळ आली की बोलेल तो.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. एखादी जुनी वस्तू अडून बसली तर तिला लगेच टाकू नका. ती बहुतेक वेळा कारण सांगत असते, तुम्ही ते ऐकण्याच्या जागी जाऊन उभे राहा. माझ्यासाठी कुणीतरी तसं उभं राहिलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय.

ताई आता कात्रीच्या चित्रावर क्लिक करत नाही. रोज सकाळी ती काळी खिडकी उघडते, एका बोटाने माझं नाव लिहिते आणि पडद्याकडे बघत थांबते. मी काही न बोलता झटकन उघडतो. तिला बरं वाटतं, आणि ती थोडीशी हिरमुसतेही.