पुलाच्या तोंडाशी ठेवलेला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो. माझ्यावर तीन माणसे ऐसपैस बसतात, आणि एकमेकांशी पटत असेल तर पाचही बसतात.

एक गोदाम पाडले, तेव्हा त्याच्या तुळईतून एका सुताराने मला घडवले. मला पोचवायला आला तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरबाई, हा मोडायचा नाही. तुम्ही म्हाताऱ्या व्हाल, पण हा असाच राहील."

डॉक्टरबाई तेव्हा तरुण होत्या. त्या हसून म्हणाल्या, "मग पेशंट तपासायला त्यालाच बसवते की!"

दवाखाना बाईंच्या घरातच, दोन खोल्यांचा होता. आतल्या खोलीत टेबल, वजनकाटा आणि हिरवा पडदा; बाहेरच्या खोलीत मी. माझ्यावर बसणारा माणूस सहसा निवांत नसे. तापलेले मूल मांडीवर घेतलेली आई, तपासणीचा कागद खिशातल्या खिशात चुरगळणारा गृहस्थ, अशी माणसे यायची. काळजीत असलेला माणूस पाठ टेकत नाही, हे मी तिथेच शिकलो. तो पुढच्या कडेवर बसतो, जणू कोणत्याही क्षणी उठून पळायचे आहे. त्यांची धडधड माझ्या फळ्यांत उतरायची, आणि संध्याकाळी दार बंद झाले तरी ती लवकर शमायची नाही.

बाईंच्या धाकट्या भावाचा शेजारीच छापखाना होता. गावभर त्याला मामा म्हणत. इतरांना मामा बनवण्याची कला मात्र तो पुढे राजकारणात शिकला.

आमचे गाव नदीच्या अलीकडे आणि सरकारी रुग्णालय पलीकडे. मध्ये एक जुना पूल. रुग्णालयात कित्येक महिने डॉक्टरच नव्हता, आणि बाई त्यासाठी अधिकाऱ्यांशी भांडून भांडून थकल्या होत्या. एकदा माझ्यावर बसलेली भाजीवाली म्हणाली, "बाई, तुम्हीच उभ्या राहा ना निवडणुकीला."

"अहो, मला इथं बसायला फुरसत नाही, उभी कुठं राहू?"

सगळे हसले. मामा मात्र हसला नाही. आठवड्याभरात गावातल्या भिंतींवर त्याची पत्रके झळकली: 'जिला बसायला फुरसत नाही, तिला उभी करा!' बाई त्याच्यावर खूप चिडल्या. मग उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या.

ते माझे सोन्याचे दिवस होते. बाई विधानसभेत बोलायच्या आणि गावी आल्या की माझ्यावर बसून लोकांचे ऐकायच्या. रुग्णालयात डॉक्टर आले, रुग्णवाहिका आली. 'बाकावर बसणाऱ्या आमदार' म्हणून वर्तमानपत्रात आमचा दोघांचा फोटो छापून आला. त्यासाठी मामाने मला पॉलिश केले होते.

बाई दुसऱ्यांदा निवडून आल्या आणि बाहेरच्या खोलीत सोफा आला. मला परसात, पाण्याच्या मोटारीजवळ नेऊन ठेवले. मी पावसात भिजलो, उन्हात तडकलो. माझ्यावर बादल्या ठेवत. आत सोफ्यावर येणारी माणसे वेगळी होती. ती पाठ टेकून बसत, मोठ्याने हसत. खोटे कशाला सांगू, बाईंनाही ते आवडू लागले होते.

तिसरी निवडणूक तोंडावर आली असताना एक दिवस बसचा ड्रायव्हर आला. आत गर्दी होती, म्हणून तो मागे येऊन माझ्यावर बसला. अगदी कडेवर. बाई हात धुवायला मागे आल्या, तेव्हा तो उठून उभा राहिला.

"बाई, पूल बरा नाही. मधल्या खांबावर गाडी आली की पहिल्यासारखी जात नाही. खाली बसल्यासारखी होते."

"कोणाला सांगितलंस?"

"डेपोत सांगितलं. म्हणाले, तू गाडी चालव, पूल आम्ही बघतो."

बाई त्याच्याबरोबर गेल्या त्या थेट पुलाखाली. परत आल्या तेव्हा साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्या माझ्यावर बसल्या आणि स्वतःचा पंजा उघडून बघत राहिल्या. मामाला म्हणाल्या, "अरे, खांबाला भेग आहे. माझा हात आत गेला, मनगटापर्यंत."

त्या दिवसापासून बाईही कडेवर बसू लागल्या. त्यांनी अधिकाऱ्यांना गाठले; 'पाहणी करू' असे उत्तर आले. विधानसभेत प्रश्न विचारला. 'पूल वाहतुकीस योग्य आहे' असे उत्तर आले. मग त्यांच्या पक्षाचे मोठे साहेब स्वतः घरी आले. परसातल्या खिडकीतून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"पूल बंद केला तर लोकांना केवढा वळसा पडेल! बाजार बसेल, आणि बाजाराबरोबर आपणही बसू. निवडणूक होऊ द्या, मग बघू."

"आणि तोवर काही झालं तर?"

"होत नाही हो! इतकी वर्षं झालं का?"

"पेशंटही असंच म्हणतात, साहेब," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं काही झालं नाही म्हणतात, आणि मग एक दिवस येतच नाहीत."

साहेब चहा अर्धा टाकून उठले. मामा त्यांना गाडीपर्यंत पोचवून आला आणि बहिणीवर ओरडला, "ताई, पायावर कुऱ्हाड मारून घेऊ नकोस! तू इंजिनियर आहेस का?"

"नाही. म्हणूनच घाबरलेय."

दोन दिवसांनी वरच्या भागात जोरदार पाऊस झाला आणि नदी फुगली. सकाळीच बाईंनी ड्रायव्हरला बोलावले. दोघांनी मला उचलले. मला वाटले, आता माझे सरपण होणार. पण त्यांनी मला पुलाच्या तोंडाशी नेऊन रस्त्याच्या मधोमध आडवे ठेवले, आणि बाई माझ्यावर बसल्या. ड्रायव्हर चालत पलीकडे गेला आणि तिथे उभी असलेली आपली बस त्याने रस्त्यात तिरकी लावली.

मित्रांनो, त्या दिवसाचे काय सांगू! भोंगे वाजत होते. माणसे अंगावर धावून येत होती. भाजीवाली डोक्यावर टोपली घेऊन समोर उभी राहिली आणि कडाडली, "बाई, याच्यासाठी मत दिलं होतं का? ही भाजी मी काय पोहत नेऊ?"

"पूल धोक्याचा आहे, मावशी."

"मी रोज जाते त्याच्यावरून! मला नाही दिसला धोका!"

कोणीतरी माझ्या पायावर लाथ मारली. बाई हलल्या नाहीत. लोकांना त्यांचा चेहरा दिसत होता, आणि तो शांत होता. त्यांचा उजवा पाय मात्र साडीच्या आत सारखा थरथरत होता, ते फक्त मला कळत होते. आजारी माणसाला घेऊन एक गाडी आली. बाईंनी त्याला तिथेच तपासले, ड्रायव्हरला फोन करून पलीकडे रुग्णवाहिका बोलावली; तो तिचे स्ट्रेचर घेऊन अलीकडे आला आणि दोघांनी ते उचलून हळूहळू चालत पूल पार केला. त्या परत येईपर्यंत मी नदीकडे बघितले नाही. माझा जीव टांगणीला लागला होता.

दुपारी मामा आला. पक्षाने उमेदवारी दुसऱ्याला दिली, हे सांगायला आला होता. बाईंनी मान हलवली.  मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक सांगू? सकाळपासून माझ्या मनात येतंय, हा पूल एकदाचा पडावा. आत्ताच, कोणी नसताना. म्हणजे मी खरी ठरेन. अशी कशी रे झाले मी? पूल नीट राहावा म्हणून आले, आणि तो पडायची वाट बघत बसलेय."

मी हादरलो, कारण माझ्याही मनात तेच होते.

 मामाने समोरच्या गर्दीकडे बघितले, चप्पल काढली आणि म्हणाला, "सरक जरा." आणि तो बहिणीशेजारी बसला. बाईंचा पाय थरथरायचा थांबला नाही, पण आता आम्ही तिघे होतो.

एवढा गवगवा झाल्यावर दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी लोखंडी अडसर आणून पूल बंद केला. लोकांनी बाईंना 'अडसरबाई' हे नाव ठेवले. बाई अपक्ष म्हणून निवडणूक लढल्या आणि सपाटून हरल्या. नवे आमदार आले, पुलाचे काम निघाले, खांबांना नवे कवच बसले. उद्घाटनाच्या फलकावर बाईंचे नाव नव्हते.

तो पूल पडला नाही, मित्रांनो. दुरुस्त केला नसता तर पडला असता का, हे बाईंना ठाऊक नाही, मलाही नाही, आणि आता कधी कळणारही नाही. या प्रश्नाने मला अजून धस्स होते. घडून गेलेले संकट सगळ्यांना दिसते. टळलेल्या संकटाचा फोटो कोण काढणार?

सोफा विकला गेला. मला धुऊन पुसून पुन्हा बाहेरच्या खोलीत ठेवले, आणि दवाखाना उघडला. पण कोणी येईना. दारावर चाहूल लागली की बाई पडद्याआडून डोकावायच्या, आणि वाऱ्याने हललेले दार बघून पुन्हा खुर्चीत बसायच्या. रिकामा बाक किती जड होतो, हे मला त्या दिवसांत समजले.

मग एका सकाळी भाजीवाली नातीला कडेवर घेऊन आली. मूल तापाने फणफणले होते. ती माझ्या टोकावर बसली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी अजून रागातच आहे."

"असू दे," बाई आतून म्हणाल्या. "राग घेऊनच आत या. पोरीला आधी आणा."

पोरीला तपासून झाले, औषध दिले. निघताना भाजीवाली उंबऱ्याशी घुटमळली. "बाई, खरं सांगा. पडला असता का हो तो?"

"माहीत नाही, मावशी."

भाजीवालीने नातीचे कपाळ पदराने पुसले. "ही रोज त्या पुलावर माझ्याबरोबर असायची. टोपलीशेजारी." एवढेच बोलून ती गेली. पण संध्याकाळी तिने आपल्या जावेला पाठवले, आणि जावेबरोबर तिच्या तीन शेजारणी आल्या.

मित्रांनो, मी लाकडाचा. मला मत देता येत नाही आणि भाषणही करता येत नाही. पण एक विनंती करतो. कधी तुमच्या घाईच्या वाटेवर कोणी असेच आडवे बसलेले दिसले, तर खुशाल चिडा. चिडून झाल्यावर मात्र त्या माणसाला हटवण्याआधी एकदा खाली उतरा, वाका आणि पुलाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.