नाव पुसलेला उभा अक्ष

मी एक जुना अक्ष आहे, मित्रांनो. तुम्ही वहीत दोनच अक्ष आखता. आम्ही मात्र तीन भावंडं: एक लांबी सांगतो, एक रुंदी, आणि मी उभा राहून उंची सांगतो.

आम्हाला पट्टी लागत नाही. संगणकावर एक प्रोग्रामिंग लायब्ररी आहे, म्हणजे तयार आज्ञांचा संग्रह, कुणालाही फुकट वापरता येतो. तिला मोजमापं दिली की ती आमची चौकट उभी करते, आमच्या अंगावर आकडे मांडते आणि मधल्या जागेत चित्र काढते. नाव मात्र ती स्वतःहून देत नाही. ते माणसाने लिहायचं असतं.

माझं नाव उत्कर्षाने लिहिलं: ‘उंची, मायक्रोमीटर’. ही २०१६ सालची गोष्ट. जर्मनीत, इंगोलश्टाट शहराच्या बाहेर गाड्यांचे दरवाजे बनवणारा एक कारखाना होता. वर्ध्याहून आलेली उत्कर्षा तिथल्या मोजमाप विभागात नुकतीच लागली होती. तिचा प्रोबेत्साइट, म्हणजे परीक्षेचा काळ, चालू होता. या काळात नोकरी गेली तर व्हिसाचाही प्रश्न येतो.

दरवाज्याचा पत्रा कुठे फुगला, कुठे दबला, हे मी दाखवायचो. लोक माऊसने मला गोल फिरवून बघत. आमची छापील चित्रं कॉरिडॉरमध्ये लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

श्रीधर त्या कारखान्यात साच्यांचं डिझाइन करायचा. चिंचवडचा, वयाने मोठा. उत्कर्षाला घर शोधून देण्यापासून आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळी मदत त्यानेच केली होती. ती त्याला दादा म्हणायची.

एका गुरुवारी त्याच्या नव्या साच्यातला पहिला पत्रा मोजून झाला. मधोमध ऐंशी मायक्रोमीटरचा फुगवटा होता. म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढा, चालण्यासारखा. उत्कर्षाने तो नीट दिसावा म्हणून चित्र थोडं फिरवलं, आणि माझं नाव माझ्याच आकड्यांवर जाऊन बसलं. दोन्ही वाचेनात.

“काय गिचमिड झालीय,” श्रीधर मागून म्हणाला. “नाव काढ. आकडे राहू देत.”

“दादा, पण हे वर्कशॉपला जाणार आहे ना?”

“मग? आपल्याकडे सगळं मायक्रोमीटरमध्येच असतं. त्यांना काय माहीत नाही?”

“नाही, म्हणजे नाव असलेलं बरं.”

“अगं, चित्र स्वच्छ दिसू दे. इथे लोक आधी तेच बघतात.”

तिने माझं नाव लिहिणारी एक ओळ पुसली. मी नुसता ऐंशीपर्यंत उभा राहिलो.

मोजमाप विभागात सगळं मायक्रोमीटरमध्ये असतं, हे खरंच होतं. पण वर्कशॉपची भाषा वेगळी. तिथे वर्षानुवर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. एक शतांश म्हणजे दहा मायक्रोमीटर. वर्कशॉपचे प्रमुख, मास्टर बाउमान यांनी शुक्रवारी माझ्यावरचा ऐंशी वाचला आणि तो ऐंशी शतांश धरला. माझ्या शेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं, मग त्यांनी दुसरं काय समजावं? त्या दिवशी श्रीधर सुट्टीवर होता. बाउमान यांनी साचा घासायला लावला. दहापट जास्त.

घासलेलं लोखंड परत येत नाही. सोमवारी निघालेल्या पत्र्याच्या पोटात नुसत्या बोटाला लागेल एवढा खळगा होता.

मीटिंगमध्ये मला भिंतीवर मोठं करून लावलं. इतका मोठा मी कधीच झालो नव्हतो, आणि लपायला कुठे जागा नव्हती.

“ऐंशी काय?” बाउमान यांनी विचारलं. “मीटर? बटाटे?”

कुणी हसलं नाही. मोजमाप विभागाच्या प्रमुख फ्राऊ लेन्झ यांनी चित्राच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं. “आल्झो, तर मग, उत्कर्षा. एकक कुणी काढलं?”

उत्कर्षाने श्रीधरकडे पाहिलं. श्रीधर पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत होता.

“मी काढलं,” ती म्हणाली.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” बाउमान म्हणाले. फ्राऊ लेन्झ म्हणाल्या, “तुमच्या प्रोबेत्साइटबद्दल शुक्रवारी बोलू.”

मित्रांनो, मी खोटा आकडा दाखवला नव्हता. तरी मला तोंड लपवावंसं वाटलं. अर्धं सांगून गप्प उभे राहिलेले त्या खोलीत आम्ही दोघं होतो, मी आणि श्रीधर. मला वाचा नव्हती. त्याला होती.

संध्याकाळी घरी जेवणाच्या टेबलावर त्याने लॅपटॉपवर मला पुन्हा उघडलं. शोधून शोधून त्याला लायब्ररीतली एक छोटी आज्ञा सापडली. तिच्यात एक आकडा लिहिला की अक्षाचं नाव आकड्यांपासून दूर सरकतं. त्याने तो लिहिला. नाव सरकलं, आकडे मोकळे झाले, चित्र स्वच्छच राहिलं.

“अहो, भात निवतोय,” त्याची बायको वासंती म्हणाली. “काय झालंय?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं.

“म्हणजे तुम्ही सांगितलं म्हणून तिने पुसलं.”

“हो.”

“आणि तिने तुमचं नाव घेतलं नाही.”

“नाही.”

“मग तुम्ही जेवा,” वासंती म्हणाली. “मला काही आज भूक नाही.”

मंगळवारी सकाळी श्रीधर फ्राऊ लेन्झ यांच्याकडे गेला, आणि मग वर्कशॉपमध्ये, सगळ्यांसमोर. बाउमान यांनी ऐकून घेतलं. “जा,” ते म्हणाले, “हे काल सांगायचं होतं.” साचा दुरुस्तीसाठी श्रीधरऐवजी दुसऱ्या डिझायनरकडे गेला. उत्कर्षाची नोकरी राहिली. श्रीधरने तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “ठीक आहे, सर.” वसंतात तिला डार्मश्टाटला काम मिळालं आणि ती गेली. निरोपाचा केक सगळ्यांना वाटला, श्रीधरलाही.

मी अजून त्या जुन्या डिस्कवर आहे. मित्रांनो, अक्ष काढाल तेव्हा त्याला नाव द्या आणि एकक लिहा. जागा पुरत नसेल तर नाव सरकवा, पुसू नका. आपल्याला माहीत आहे ते पलीकडच्या खोलीतही माहीत असेल, असं धरून चालू नका. आणि तुमच्या सांगण्यावरून कुणी काही पुसलं असेल, तर विचारणारा विचारेल तेव्हाच, तिथेच बोला. दुसऱ्या दिवशी बोललात तर नोकरी वाचेल, माणूस राहीलच असं नाही.