उकिरड्याकडची करडई

मित्रांनो, आज जरा गंजलेला दिसत असलो, तरी मी एक जुना, कामाचा पत्र्याचा डबा आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात बाळाच्या दुधाची भुकटी होती. बेंबळीच्या शिवांजलीनं मला घरी आणलं. तान्ह्या भैरवीसाठी ती चमचा सपाट करून भुकटी मोजायची, पुन्हा मोजायची, तरी तिची शंका फिटत नसे. भुकटी संपल्यावर तिनं मला गरम पाण्यानं धुऊन कडक उन्हात वाळवलं. इतकं घट्ट झाकण असलेला डबा कोण टाकून देईल?

माझी खरी नोकरी त्यानंतर सुरू झाली. करडई काढणीला आली होती. घरात बी राखायचा मान सासूबाईंचा, म्हणजे धुरपदाबाईंचा. शेतातलं सगळ्यात दांडगं झाड हेरायचं आणि त्याचीच बोंडं बियाला ठेवायची, ही त्यांची रीत. त्या साली दांडगं झाड उकिरड्याला लागून उभं होतं. धुरपदाबाई हाताला फडकं गुंडाळून, काटे चुकवत बोंडं मोजत होत्या.

"एकसष्ट हायत! तुज्या त्या झाडाला किती गं?"

शिवांजलीनं शेताच्या मधोमध एक झाड हेरून त्याला लाल चिंधी बांधली होती. "सव्वीस," ती सासूबाईंना म्हणाली. "पण आत्या, त्याच्या शेजारच्या झाडांना पंधरासुद्धा नाहीत. तुमच्या झाडाला उकिरड्याचं खत मिळालंय, वर शेजारी कुणी वाटेकरी नाही. खाऊन-पिऊन वाढलंय ते."

"मग खाल्ल्यालं अंगी लागलं तर वाईट काय झालं?"

"वाईट काहीच नाही. पण खाल्लेलं लेकरांना वारशानं देता येत नाही."

"कालिजात हेच शिकवत्यात व्हय?" धुरपदाबाई हसल्या. "बरं, पेरून बघू. जिचं बी सरस निघंल, तिचं ओढ्याकडच्या अर्ध्या एकरात पेरायचं."

ओढ्याकडचा अर्धा एकर म्हणजे घरातली सगळ्यात कसदार जमीन. शिवांजलीनं घरात हट्ट धरायची ही पहिलीच वेळ होती. हरली असती तर पुन्हा बियाचं नाव काढायची सोय नव्हती.

सव्वीस बोंडांचं बी माझ्यात आलं, एकसष्टांचं गाडग्यात. माझ्यावर चिठ्ठी चिकटली, आत कडुलिंबाचा पाला पडला. पावसाळ्यात एकदा भैरवीनं माझं झाकण उघडून दाणे अंगणभर उधळले. शिवांजलीनं आधी लेकीचं तोंड, नाक, कान तपासलं, मग एकेक दाणा वेचला.

पेरणीला तिनं तीन जागा निवडल्या: बांधाकडे, ओढ्याकडे आणि माळाकडे. प्रत्येक जागी दोन्ही बियांची एकेक ओळ, शेजारी शेजारी, चाळीस चाळीस झाडांची, वीतभर अंतरावर. "एकाच जागी पेरलं आणि तिथली मातीच चांगली निघाली तर?" ती म्हणाली. धुरपदाबाई म्हणाल्या, "लेकराचं दूधबी असंच मोजत हुतीस!"

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात जेवायला आलेले पाहुणे भज्जी-आंबील खाऊन त्या ओळी बघायला गेले. धुरपदाबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "कुणाची ओळ कुठली ते इचारू नका. आत्ता सगळ्या सारख्याच हायत." पण मधूनच त्या आपल्या ओळीकडं बघून यायच्या.

मळणी झाली आणि माप म्हणून मलाच पुढं केलं. बांधाकडे शिवांजलीची ओळ दीड डबा, आत्यांची एक. ओढ्याकडे मात्र आत्यांची ओळ दीड डबा, हिची सव्वा. धुरपदाबाईंनी टाळी वाजवली. शिवांजलीचा चेहरा उतरला. राहिला माळ. तिथं आत्यांच्या ओळीनं मला पाऊणच भरलं आणि हिच्या ओळीनं दीड डबा दिला. एकूण आत्यांचे सव्वातीन डबे आणि हिचे सव्वाचार.

धुरपदाबाईंनी दोन्हींतला एकेक दाणा तळहातावर घेतला, दातानं फोडून बघितला. "तुजा दाणाबी भरीव हाय," त्या म्हणाल्या. "एकसष्ट बोंडांचा बाप, आन् लेकरं अशी गरीब! ओढ्याकडं माजं पाव डबा जास्त, पर तुजं तिन्ही जागी टिकलं. पेर बाई तुजं बी ओढ्याकडं."

ते बी मोठ्या बरणीत गेलं आणि मी रिकामा झालो. कुणीतरी मला गोठ्यामागं ठेवलं. पावसाचं पाणी साचून माझा तळ गंजला. दोन उन्हाळे माझ्यात कोंबडीची पिलं पाणी प्यायली. वाईट वाटलं, पण पिलांची तक्रार नव्हती.

यंदा ओढ्याकडची करडई पिकली आणि धुरपदाबाईंनीच मला शोधून राखेनं घासलं. कडेच्या दांडग्या झाडांकडे न बघता त्या काट्यांतून थेट शेताच्या मध्यावर गेल्या. एका झाडापाशी बसल्या, पण त्याची बोंडं मोजली नाहीत. आधी त्याच्या डाव्या-उजव्या झाडांची मोजली.

"शिवांजले," त्यांनी हाक मारली, "चिंधी आण गं. हितं दाटीत सगळी उपाशी हायत, पर ह्यो गडी उभा हाय."

मित्रांनो, बियाचा डबा कोरडा ठेवा आणि त्यावर चिठ्ठी लावा. त्या चिठ्ठीवर बी कुणाचं ते लिहाच, पण ते झाड कुठं उभं होतं तेही लिहा.