खुंटीवरची ओढणी

इंद्रजीत राठोडची ‘भुरीबाईचा ओटा’ ही चित्रपट्टी यवतमाळच्या एका दैनिकात आठव्या पानावर अकरा वर्षं रोज आली. तीन चौकटी, एक तोंडाळ म्हातारी, एक कानतुटी शेळी. सरपंच म्हणतो, रस्ता मंजूर झाला. भुरीबाई म्हणते, मजूर झाला? मग तोही पुण्याले गेला असंल. अशा कोट्या लोक कापून ठेवत. मागच्या भिंतीवर काय काढलंय, ते कुणी पाहत नसे.

भिंत एकाच माणसासाठी होती. धाकट्या बबितानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा वडील धावजींनी इंद्रजीतकडून शपथ घेतली: तिच्याशी बोलायचं नाही, लिहायचं नाही, निरोप धाडायचा नाही. चित्राचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. वडील गेले, शपथ राहिली. बबिता राळेगावजवळच्या खेड्यात राहत होती. तिथं पेपर जातो, याची इंद्रजीतनं खात्री करून घेतली होती. शेळी त्यांच्या लहानपणचीच होती. भिंतीवर कधी तांड्यातली चिंच असे, कधी दोघांनी मिळून फोडलेली घागर.

ऑगस्टमध्ये आई बसंतीबाईंनी अंथरूण धरलं. इंद्रजीतनं भुरीबाईच्या मागं खुंटीवर आईची आरशांची ओढणी टांगली. धडधाकट असताना आईनं ती कधी उतरवली नव्हती. बबिताला एवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी खुंटीखाली औषधाची बाटली आली. तिसऱ्या दिवशी ‘यवतमाळ’ पाटीची एसटी. असे नऊ दिवस.

“बबीले कळवलं का रे?” आई रोज विचारी.

“कळवलं, याडी.”

“मंग येईल.”

दहाव्या दिवशी सकाळी बसंतीबाई गेल्या. मयतीला शपथ सुटते, असं तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. इंद्रजीतनं फोन लावला. बबिता दोन तासांत पोचली.

स्मशानातून परतल्यावर तो तिच्यासमोर बसला. “नऊ दिवस सांगून राह्यलो तुले. काहून नाही आली?”

“कुठं सांगितलं, भाऊ? फोन तं आज आला.”

“पेपरात. ओढणी नाही दिसली?”

आईवर घालायचं लुगडं बबितानं ज्या पेपरात गुंडाळून आणलं होतं, तो कोपऱ्यात पडला होता. तिनं तो उचलून त्याच्यापुढं पसरला. चार दिवसांपूर्वीचा अंक, आठवं पान. भुरीबाईच्या जागी सोयाबीनच्या फवारणीची जाहिरात होती.

“तू पेपरात लागला असं समजलं तवापासून हाच पेपर लावला. रोज उलटूनपालटून पाह्यलं. एक डाव बी तुझं चित्र नाही दिसलं. मले वाटलं, काढून टाकलं तुले.”

इंद्रजीतनं पान लावणाऱ्या रामरावांना फोन केला.

“खेड्यातली डाक आवृत्ती आधी सुटते ना,” रामराव म्हणाले. “तिच्यात आठव्या पानावर तालुक्याची जाहिरात असते. पट्टी फक्त शहर आवृत्तीत. पहिल्यापासून तसंच हाय. तुम्हाले माहीत नव्हतं? बरं, उद्याची पाठवा लवकर. पाच वाजून गेले.”

इंद्रजीतच्या यवतमाळच्या घरी शहर आवृत्तीच येत असे. रामरावांना आईचं सांगायचंही त्याला सुचलं नाही. त्यानं फोन ठेवला.

“याडीले तू काय सांगत होता?” बबितानं विचारलं.

“तुले कळवलं म्हणून.”



“म्हणजे जातानी तिले हेच वाटलं असंल. बबीले कळलं, तरी बबी आली नाही.”

इंद्रजीतनं पेपराची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. रामरावांचा फोन परत वाजू लागला.